‘दौलत’ शब्दाची कुळकथा

मराठींत संपत्तिवाचक शब्द थोडेथोडके नाहींत. धन आहे, वित्त आहे, द्रव्य आहे. पैसाअडका, मत्ता, माया आहे. आणि भारदस्त बोलणें असेल तेव्हां ऐश्वर्य व वैभव आहे. परंतु ज्या संपत्तीचें नांव घेतांच चौसोपी वाडा, दारीं झुलणारा हत्ती, भरलेली पागा आणि उठत्या-बसत्या पंगती डोळ्यांपुढें उभ्या राहतात, तिला मराठी माणसाच्या तोंडीं सहज येणारा शब्द एकच, आणि तो म्हणजे दौलत. पैसा कनवटीला लावतां येतो, धन पुरून ठेवतां येतें. दौलत मात्र मिरवावी लागते. असा हा थाटाचा शब्द. पण त्याची कुळकथा तपासूं गेल्यास मोठें नवल आढळतें. त्याच्या मूळ अर्थांत सोनें नाहीं, रुपें नाहीं, जमीनजुमलाहि नाहीं. मुळांत आहे ती केवळ एक पाळी.

दौलत हा शब्द अरबी असून तो फारशीच्या वाटेनें मराठींत आला. अरबी भाषेंतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंपासून बनतात. या शब्दाचा धातु ‘द-व-ल’ हा होय. फिरणें, पालटणें, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं आळीपाळीनें जाणें, असा त्याचा अर्थ. शब्दाच्या शेवटचा ‘त’ अरबींत एकटा शब्द उच्चारतांना लोपतो व ‘दौला’ असा ध्वनि उरतो. फारशीनें तो ‘त’ कायम ठेवला. म्हणूनच बंगालचा नबाब सिराजउद्दौला आणि मराठींतील घराण्याची दौलत हे दोन शब्द ऐकतांना वेगळे वाटले, तरी मुळांत ते एकच होत.

अरबी कोशकारांनीं या शब्दाचीं दोन रूपें नोंदविलीं आहेत आणि त्यांच्यांत एक सूक्ष्म भेदहि सांगितला आहे. ‘दूला’ हें रूप मालमत्तेविषयीं आणि ‘दौला’ हें रूप युद्धाविषयीं, असा तो भेद. मालमत्ता आज एकाकडे तर उद्यां दुसऱ्याकडे. जय आज एका पक्षाचा तर उद्यां दुसऱ्याचा. दोहोंतील समान गोष्ट ही कीं, त्या एका जागीं ठरत नाहींत. कांहीं कोशकार दोन्ही रूपें समानार्थीच मानतात, पण फिरतेपणा मात्र कोणीच नाकारीत नाहीं.

याच धातूचे दोन प्रयोग कुराणांत आले आहेत व ते दोन्ही लक्षांत घेण्यासारखे आहेत. पहिला तिसऱ्या अध्यायांत, उहुदच्या लढाईच्या संदर्भांत. इ. स. ६२४ मध्यें बद्रच्या रणांगणावर मुसलमानांना जय मिळाला होता आणि पुढच्याच वर्षीं उहुद येथें त्यांना मार खावा लागला. त्या वेळीं अनुयायांचें सांत्वन करतांना दिवस हे लोकांमध्यें आळीपाळीनें फिरत असतात, असा भाव व्यक्त झाला आहे. मराठी माणूस ‘दिवस फिरले’, ‘दिवस पालटले’ असें म्हणतो, त्याच्याशीं हा भाव किती जुळतो! दुसरा प्रयोग एकोणसाठाव्या अध्यायांत आहे. लढाई न करतां हातीं आलेल्या मालमत्तेची वांटणी कशी करावी, हा तेथें प्रश्न आहे. अनाथ, गरजू आणि वाटसरू यांचा तींत वांटा ठेवला आहे, आणि कारण असें दिलें आहे कीं, ती मालमत्ता केवळ धनिकांतल्या धनिकांतच फिरत राहूं नये. म्हणजे संपत्तीनें फिरावें हें तर खरेंच, पण कोणाकोणांत फिरावें हा प्रश्नहि या शब्दाच्या पाठीशीं जन्मापासून उभा आहे.

पाळी या अर्थाचा हा शब्द राज्याचा वाचक कसा झाला, याची हकीकत आठव्या शतकांतील आहे. इ. स. ६६१ पासून दमास्कस येथें उमय्या घराण्याची खिलाफत चालू होती. इ. स. ७५० मध्यें अब्बासी घराण्यानें ती उलथून पाडली. नव्या घराण्याच्या पक्षपात्यांनीं या क्रांतीला ‘दौला’ हेंच नांव दिलें. उमय्यांची पाळी संपली, आतां आमची पाळी आली, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु ज्याची पाळी येते त्याला ती कायमची वाटूं लागते. अब्बासींची सत्ता बगदादमध्यें स्थिरावली, पिढ्यांमागून पिढ्या गादीवर बसल्या, आणि दौला म्हणजे घराणें, दौला म्हणजे राज्य, असा अर्थ रूढ झाला. बदलाचा वाचक असलेला शब्द स्थैर्याचा वाचक बनला.

शब्दानें आपला मूळ अर्थ असा झांकला तरी काळ त्याला विसरला नव्हता. दहाव्या शतकांत बुवैही घराण्यांतील तिघा भावांनीं इराण व इराकवर अंमल बसविला आणि इ. स. ९४५ मध्यें त्यांच्यापैकीं एक बगदादेंत शिरला. खलीफानें तिघांनाहि मोठ्या पदव्या दिल्या. एक मुइझ्झुद्दौला, म्हणजे दौलतीचें बळ वाढविणारा. दुसरा इमादुद्दौला, म्हणजे दौलतीचा आधार. तिसरा रुक्नुद्दौला, म्हणजे दौलतीचा खांब. पदव्या झाल्या आणि दौलत गेली. दुसऱ्याच वर्षीं त्या खलीफाला पदच्युत करून त्याचे डोळे काढण्यांत आले, आणि त्याच्या जागीं बसलेल्या खलीफाला खर्चासाठीं नेमणूक बांधून देण्यांत आली. ज्यांना दौलतीचे खांब म्हटलें त्यांनींच छप्पर आपल्या डोक्यावर घेतलें. पुढें अशा पदव्यांना सुकाळच आला. गझनीच्या महमुदाला खलीफाकडून यमीनुद्दौला, म्हणजे दौलतीचा उजवा हात, ही पदवी मिळाली होती.

राज्य आणि पाळी यांचा हा संबंध ज्यानें शास्त्राच्या पातळीवर नेला तो विद्वान म्हणजे इब्न खल्दून. त्याचा ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ इ. स. १३७७ मध्यें सिद्ध झाला. त्यांत तो राजघराण्याला दौला म्हणतो व माणसाप्रमाणेंच दौलतीलाहि आयुष्य असतें असें प्रतिपादन करतो. चाळीस वर्षांची एक पिढी, अशा साधारणतः तीन पिढ्या, म्हणजे सुमारें १२० वर्षें हें तें आयुष्य. पहिली पिढी कष्ट सोसून राज्य मिळविते. दुसरीनें ते कष्ट पाहिलेले असतात. तिसरीला ऐषारामापलीकडे कांहीं ठाऊक नसतें. पुण्याच्या पेशवाईचा काळ मोजला तर १७१३ पासून १८१८ पर्यंत १०५ वर्षें भरतात. एका उदाहरणानें नियम सिद्ध होत नाहीं हें खरें. पण हिशेब वाचणाऱ्याला तो क्षणभर थबकविल्याशिवाय राहत नाहीं.

महाराष्ट्राच्या भूमीवर हा शब्द ठळकपणें कोरला गेला तो एका किल्ल्याच्या नांवांत. यादवांची राजधानी देवगिरि ही एके काळीं दक्षिणेंतील संपन्न नगरी. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीनें तिच्यावर झडप घालून रामदेवरावाकडून अपार खजिना नेला. १३१८ पर्यंत यादवांचें राज्य पार बुडालें. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें हलविण्याचें ठरविलें व गांवाला दौलताबाद असें नांव दिलें. आज हें नांव ऐकणाऱ्याला पैशांनीं भरलेलें गांव आठवतें. परंतु राज्यसत्ता जेथें नांदते तें ठिकाण, असाहि अर्थ त्यांत तितकाच भरलेला होता. तो अर्थ तेथें किती दिवस टिकला? थोड्याच वर्षांत तुघलकाचा दरबार दिल्लीस परतला. १३४७ मध्यें त्याच किल्ल्यांत बहामनी राज्याच्या संस्थापकाला राज्याभिषेक झाला. पुढें किल्ला निजामशाहीकडे गेला. १६३३ मध्यें मोंगलांनीं तो घेतला. त्यानंतर तो हैदराबादच्या निजामाकडे आला. १७६० मध्यें उदगीरच्या लढाईनंतर मराठ्यांच्या हातीं पडला. पुन्हां निजामाकडे गेला. आणि १९४८ मध्यें हैदराबाद संस्थानाबरोबर भारतांत सामील झाला. ज्या गडाला दौलतीचें वस्तिस्थान म्हटलें, त्याच्याइतक्या पाळ्या दुसऱ्या कोणत्या गडानें पाहिल्या असतील? नांव देणाऱ्याच्या मनांत नव्हतें तें त्या नांवानें खरें करून दाखविलें.

शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि दरबारांतील फारशी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजण्यांत आले. तरीहि दौलत हा शब्द मराठी कागदपत्रांतून हटला नाहीं. अठराव्या शतकांतील पत्रव्यवहारांत तो पदोपदीं भेटतो. शिंद्यांची दौलत, होळकरांची दौलत, दौलतीचा बंदोबस्त, दौलतीस आलेलें कर्ज, अशी ती भाषा. तेथें दौलत म्हणजे तिजोरी एवढाच अर्थ घेतला तर अनेक पत्रांचा उलगडाच होणार नाहीं. मुलूख, फौज, किल्ले, वसूल आणि या सर्वांवरील अधिकार, असा सगळा पसारा त्या एका शब्दांत सामावलेला असे.

होळकरांच्या कारभारांत तर या शब्दाला एक नेमकी मर्यादा घालून दिलेली होती. तेथें ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत म्हणजे राज्याचें उत्पन्न. फौजेचा पगार, मुलुखाचा बंदोबस्त, कारभाराचा खर्च हे सर्व त्यांतून व्हावयाचें. खासगी म्हणजे घराण्यांतील स्त्रियांकडे चालत आलेलें स्वतंत्र उत्पन्न. पहिल्या बाजीरावानें १७३४ मध्यें मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना वेगळी जहागीर लावून दिली, तेथून या खासगीचा आरंभ झाला. पुढें ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनीं होळकरशाहीचा कारभार पाहिला. ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, विहिरी आणि मंदिरें त्यांनीं उभारलीं. काशीविश्वेश्वराचें मंदिर १७८० मध्यें पुन्हां उभें राहिलें तें त्यांच्यामुळेंच. हा धर्मकार्याचा खर्च त्या आपल्या खासगींतून करीत. राज्याच्या आज्ञापत्रांवर त्या स्वतःचें नांव न घालतां ‘श्रीशंकर’ अशी निशाणी करीत, हें प्रसिद्धच आहे. हातीं असलेली दौलत आपली नव्हे, आपल्याकडे ती कांहीं काळ सोंपविलेली आहे, ही जाणीव यापेक्षां स्पष्टपणें कशी सांगावी?

या ठिकाणीं शब्दाच्या इतिहासांतील खरा चटका लावणारा भाग येतो. होळकरांच्या वहींत खासगीच्या नेमका उलट असलेला हा शब्द आज सर्वस्वीं खासगी झाला आहे. आज अमक्याची दौलत म्हटलें कीं ती त्याची, त्याच्या मुलांबाळांची. तींत मुलुखाचा संबंध नाहीं, प्रजेचा तर नाहींच. दोन अर्थांपैकीं संपत्तीचा अर्थ मराठींत आधींपासून होताच. फारशींतहि दैव, भरभराट आणि संपत्ति हे अर्थ या शब्दाला जुन्या काळींच चिकटलेले होते. पण राज्याचा अर्थ मराठींतून मागें पडला, त्याला मात्र इतिहास जबाबदार आहे.

३ जून १८१८ रोजीं दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्यानें राज्यावरील हक्क सोडावा, दक्षिणेंत पुन्हां पाऊल ठेवूं नये, आणि त्याबदल्यांत त्याला वर्षाला आठ लाख रुपये मिळावेत, असें ठरलें. तो गंगातीरीं ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. त्याच्यापाशीं हत्तीघोडे होते, आश्रित होते, दानधर्म चालू होता. पाहणाऱ्याला तो दौलतवान् दिसत होता. पण एक दौलत देऊन त्यानें दुसरी दौलत घेतली होती, आणि या दोहोंत केवढें अंतर आहे हें कळण्यास फार काळ लागला नाहीं. जानेवारी १८५१ मध्यें बाजीराव वारला आणि ती नेमणूक कंपनी सरकारनें बंद केली. दत्तक पुत्र नानासाहेब यांनीं अर्ज केले, अजीमुल्लाखान यांस विलायतेस पाठविलें. उपयोग झाला नाहीं. राज्य देऊन घेतलेला पैसा दुसऱ्याच्या मर्जीवर टिकतो. ज्या सत्तेनें तो दिला तीच तो थांबवूं शकली.

दौलतराव शिंदे यांचें उदाहरणहि असेंच बोलकें आहे. १७९४ मध्यें महादजींच्या मागें अवघ्या पंधरा वर्षांच्या या मुलाच्या हातीं उत्तर हिंदुस्थानांतील मोठा मुलूख आणि कवायती फौज आली. नांवाला साजेसा असा दुसरा धनी त्या काळीं क्वचितच असेल. १८०३ मध्यें असई व आडगांव येथील पराभवांनंतर सुर्जी अंजनगांवचा तह झाला आणि दिल्लीच्या बादशहाचें पालकत्व त्याच्या हातून कायमचें गेलें. नांवांतली दौलत मात्र १८२७ मध्यें तो मरेपर्यंत त्याच्याजवळ राहिली.

संस्थानांच्या दफ्तरांत जुना अर्थ कांहीं काळ टिकून होता. बाहेर, जेथें राज्य परक्याचें झालें, तेथें स्वतःची म्हणून म्हणावी अशी दौलत उरली ती फक्त पैशाची. इतर देशांकडे पाहिल्यास हा फरक अधिक उठून दिसतो. अरबींत आजहि ‘दौला’ म्हणजे राज्य. इराणांत ‘दौलत’ म्हणजे सरकार. तुर्कीत ‘देव्‌लेत’ म्हणजे राज्यसंस्था. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेंत ‘दोला’ या शब्दाचा अर्थ तोच. मलायांत ‘दौलत’ म्हणजे राजाचें सार्वभौमत्व. आणि १९४५ मध्यें स्वातंत्र्य पुकारणाऱ्या इंडोनेशियानें आपल्या राज्यघटनेंत सार्वभौमत्व लोकांच्या हातीं आहे असें सांगतांना याच शब्दापासून बनलेला ‘कदौलतन’ हा शब्द वापरला. म्हणजे पाळीचा शब्द प्रथम राजाचा झाला आणि तेथें शेवटीं तो लोकांचा झाला. मराठींत तो धनिकाचा झाला.

राज्य आणि संपत्ति यांची ही सांगड केवळ अरबींतच आहे असें नव्हे. ऐश्वर्य हा शब्द ईश्वर या शब्दापासून झाला. त्याचा पहिला अर्थ स्वामित्व, सत्ता हा होय, श्रीमंती हा मागाहूनचा. वैभव हा शब्दहि विभवापासून, म्हणजे सामर्थ्याच्याच कल्पनेपासून आला. श्री ही राजाची शोभाहि आहे आणि वाण्याच्या वहीच्या माथ्यावरची अक्षरमूर्तीहि आहे. आणि जिला संपत्तीची देवता मानलें, त्या लक्ष्मीला संस्कृत कवींनीं चंचला म्हणूनच ओळखलें. अरबस्थानच्या वाळवंटांत ज्या अनुभवानें दौलत हा शब्द घडविला, तोच अनुभव इकडे देवतेच्या विशेषणांत सांठविला गेला. कुणब्याला तर हें सांगण्यासाठीं शब्दकोशाची गरजच नाहीं. त्याच्या मोटेशेजारचें रहाटगाडगें रोज तेंच सांगत आलें आहे. भरलेलें गाडगें वर येतें तें रितें होण्यासाठींच, आणि रितें खालीं जातें तें भरण्यासाठीं.

मराठींतील आणखी एका शब्दाचा उल्लेख केल्याशिवाय ही कुळकथा पुरी होणार नाहीं. तमाशाच्या फडांत लावणीवर खूष होऊन प्रेक्षक पैसे देतो, त्या देण्याला ‘दौलतजादा’ म्हणतात. ज्यांना हा शब्द ठाऊक आहे त्यांपैकीं अनेकांना ‘शाहजादा’सारखाच हा एखादा शब्द असावा असें वाटतें. वास्तविक तो एक आशीर्वाद आहे. ‘दौलत ज्यादा’, म्हणजे तुमची दौलत वाढो, असें म्हणून देणाऱ्याचा मान करण्याची ही रीत. आशीर्वादाचे दोन शब्द एकत्र जुळले आणि देण्याचेंच नांव झाले. कनातीखालीं दोन पैसे उधळणाऱ्या गाडीवानालाहि त्या क्षणापुरता सरदाराचा मान मिळे. मूळ अर्थ धरला तर त्या आशीर्वादाचा भावार्थ मोठा मार्मिक होतो. तुझी पाळी लांबो, एवढेंच ती नाचणारी त्याला सांगत असते. त्याची पाळी कायमची होवो असें म्हणण्याची सोयच त्या शब्दांत नाहीं. शिवाय हातचें दिल्याखेरीज तो आशीर्वादहि मिळत नाहीं.

स्वतंत्र भारतांत संस्थानें विलीन झालीं, तेव्हां संस्थानिकांना तनखे बांधून दिले गेले. १९७१ मध्यें घटनादुरुस्तीनें तेहि बंद झाले. ब्रह्मावर्ताच्या वाड्यांत जें घडलें तेंच निराळ्या काळीं, निराळ्या न्यायानें पुन्हां घडलें. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, कीं या वेळीं पाळी परक्या कंपनीची नव्हती. ती लोकांची होती.

दौलत हा शब्द मराठी माणूस रोज उच्चारतो आणि त्याच्या पोटांतली सूचना क्वचितच ऐकतो. बगदादच्या खलीफाला ती ऐकूं आली नाहीं, देवगिरीचें नांव पालटणाऱ्या सुलतानाला आली नाहीं, आठ लाखांवर समाधान मानणाऱ्या पेशव्यालाहि आली नाहीं. महेश्वरच्या गादीवर बसून दौलतीचा आणि खासगीचा हिशेब वेगळा ठेवणाऱ्या एका विधवेला मात्र ती पुरती समजली होती. म्हणून त्या तिघांच्या दौलतींचे अवशेष पाहण्यास लोक जातात, आणि तिनें बांधलेल्या घाटांवर आजहि स्नानाला उतरतात.